घाटाखाली, घाटावर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बुलढाणा जिल्ह्यात सोयरीक जुळवायला बसलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात : गाव घाटाखालचं की घाटावरचं? या एका प्रश्नात पुष्कळ काही येऊन जातं. विहिरीचं पाणी गोड आहे की मचूळ, जमीन खोल काळी आहे की हलकी मुरमाड, बोली वऱ्हाडी वळणाची की मराठवाड्याकडे झुकणारी, इतकंच नव्हे तर उन्हाळ्यात रात्री झोप लागते की नाही, हेही त्यातून कळतं. जिल्ह्याचे तेरा तालुके. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे घाटावर. खाली पूर्णेचं सपाट खोरं, वर अजिंठ्याच्या रांगेनं उचलून धरलेलं पठार, आणि मध्ये जिल्ह्याला आडवा छेद देणारी डोंगराची कड. मोगलांच्या दप्तरात खालच्या भागाला पाईनघाट आणि वरच्याला बालाघाट म्हटलेलं आहे. फारसीत पाईन म्हणजे खालचा, बाला म्हणजे वरचा. आपण त्याच दोन शब्दांचं मराठी अजून बोलतो आहोत.

या जिल्ह्याचा इतिहास आपण बहुधा व्यक्तींच्या आणि वास्तूंच्या नावानं सांगतो. जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेड राजा, गजानन महाराजांचं शेगाव, उल्केनं घडवलेलं लोणार. ते योग्यच आहे. पण मला आज तो वाटांच्या नावानं सांगायचा आहे. घाटाखालून घाटावर जाणाऱ्या, पायी चालणाऱ्या माणसांनी आणि पाठीवर ओझं घेतलेल्या बैलांनी पाडलेल्या वाटा. त्यांतल्या काही डांबराखाली गेल्या, काही शेतात विरल्या, काही जंगलानं परत घेतल्या. ज्या उरल्या आहेत त्यांची मोजदाद कुणी करायची, हा मला प्रश्न वाटतो.

आधी कड कशी आहे ते पाहू. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. त्याच्या उत्तरेला राजूर घाट उतरून मलकापूरच्या वाटेला लागलं की उंची झपाट्यानं निम्म्याहून कमी होते. हा सगळा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्ह्याचा. अशा कातळाची कड कुठूनही चढता येत नाही. जिथे ओढ्यानं कड कोरून मागे सरकवली आहे, जिथे दोन थरांच्या मधल्या मऊ पट्टीवर पाय ठेवायला जागा आहे, तिथूनच वाट जाते. त्यामुळे चढण्याच्या जागा मोजक्याच राहिल्या. राजा असो, वाणी असो, वारकरी असो की चोर, सगळ्यांना त्याच खिंडीतून जावं लागलं. पठारावर किंवा खोऱ्यात वाट शंभर हात इकडेतिकडे सरकू शकते. घाटात ती हजार वर्षं जागची हलत नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा रोहिणखेड. मोताळा तालुक्यातलं हे गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. आज तिथे थांबण्याचं कारण कुणाला पडत नाही. पण दक्षिणेच्या इतिहासात या लहानशा गावाचं नाव दीडशे वर्षांच्या अंतरानं दोन लढायांना लागलेलं आहे. पहिली १४३७ सालची. खानदेशचा नासिरखान फारुकी वऱ्हाडात घुसला. निमित्त होतं बहामनी सुलतानाला दिलेल्या त्याच्या मुलीच्या अपमानाचं. बहामनी सरदार खलफ हसन यानं त्याला रोहिणखेडला गाठून मोडलं. दुसरी १५९१ ची. अहमदनगरच्या गादीवर मुलगा बसलेला, आणि ती मिळवायला बाप बुऱ्हाण निजामशाह उत्तरेकडून चालून आलेला, सोबतीला खानदेशचा राजा अलीखान. मुलाच्या बाजूनं लढणारा वजीर जमालखान या लढाईत पडला आणि अहमदनगरचं राज्य फिरलं. दोन्ही वेळी राज्यं वेगळी, भांडणाचं कारण वेगळं, माणसं वेगळी. जागा तीच. कारण बुऱ्हाणपूरकडून दख्खनमध्ये यायचं तर एक दार अजिंठ्याला आणि दुसरं इथे. दारातच मारामारी होणार. रोहिणखेडची १५८२ ची दगडी मशीद त्या दिवसांची साक्ष म्हणून उभी आहे. लढाई झाली ते रान मात्र आता कुणी दाखवत नाही.

घाट चढून वर आलं की वाटेचं रूप बदलतं. इथे भीती कमी आणि मुक्काम जास्त. पैनगंगा बुलढाण्याजवळच उगम पावते आणि मेहकरच्या दिशेनं वाहत जाते. जुनी वाहतूक तिच्या आसऱ्यानंच चालली असणार हे भूगोल पाहूनच कळतं. मेहकरला एक जुनी दगडी धर्मशाळा आहे, यादव काळातल्या मंदिरांसारख्याच घडणीची. खांबांच्या रांगा, मध्ये मोकळं अंगण. लोक ती पाहायला जातात आणि मंदिर म्हणून हात जोडून येतात. मला तिचं महत्त्व निराळं वाटतं. देऊळ बांधायला श्रद्धा पुरते. धर्मशाळा बांधायला वाटसरू लागतात, आणि तेही रोज येणारे. सात-आठशे वर्षांपूर्वी इतके लोक मेहकरवरून ये-जा करत होते की त्यांच्या रात्रीच्या निवाऱ्यावर कुणीतरी देवळाइतका दगड आणि देवळाइतकी कारागिरी खर्च केली. पिंपळगाव सराईचं असंच. आज ते नाव सैलानी बाबांच्या दर्ग्याच्या यात्रेमुळे, होळीच्या दिवसांत तिथे जमणाऱ्या लाखांच्या गर्दीमुळे माहीत आहे. पण गावाच्या नावातच सराई आहे, म्हणजे प्रवाशांच्या उतरण्याची जागा. देऊळघाट, घाटपुरी, अशी घाट अंगावर बाळगणारी गावंही आहेतच. शिलालेख नसले तरी चालेल, गावांची नावं नीट वाचली तरी निम्मा नकाशा तयार होतो.

लोणारची वाट तर उतरून परत चढायची. विवराचा व्यास सुमारे एक पूर्णांक आठ किलोमीटर, म्हणजे काठावरून पुरी प्रदक्षिणा घातली तर साडेपाच-सहा किलोमीटर चाल होते. धारेजवळून खाली तळ्याकडे जाणारी वाट झाडीतून, पडक्या देवळांच्या जवळून जाते. आज आपण ती सहलीची वाट समजतो. पण आईन-ई-अकबरीत लोणारची जी नोंद आहे ती काच आणि साबण करायला लागणाऱ्या खाराची आणि त्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नाची. सोळाव्या शतकात दिल्ली-आग्ऱ्याच्या दरबाराला हे तळं ठाऊक होतं ते सौंदर्यामुळे नाही, तर महसुलामुळे. तळ्याकाठी जमणारा तो खार डोक्यावर घेऊन माणसं ती सव्वाशे-दीडशे मीटरची चढण चढत होती. आपण पाण्याची बाटली घेऊन चढतानाही तीनदा थांबतो.

लढायांची रांग अठराव्या शतकातही थांबली नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कनं मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादचं राज्य व्यवहारात स्वतंत्र झालं. विजयाच्या आनंदात गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं गेलं. लोकांनी मात्र साखर सोडली नाही. पुढे १८०३ साली आर्थर वेलस्ली, म्हणजे नंतरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच डोंगररांगेवर खालीवर करत होता. २३ सप्टेंबरला असईची लढाई जिंकल्यावर ऑक्टोबरमध्ये तो अजिंठ्याचा घाट उतरला, शिंदे-भोसल्यांच्या फौजांची हूल ओळखून पुन्हा चढला, नोव्हेंबरच्या अखेरीस परत घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात आला आणि २९ तारखेला आडगावची लढाई झाली. आडगाव आज अकोला जिल्ह्यात आहे. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच काळजी दिसते ती धान्याची, आणि धान्य आणणाऱ्या बंजाऱ्यांची. हजारो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोण्या, सोबत बायकामुलं आणि कुत्री. या तांड्यांना घाट कुठे सोपा, पाणी कुठे, चारा कुठे हे पाठ होतं. फौजा येत आणि जात. वाट वापरात ठेवली ती बंजाऱ्यांनी. मेहकर-लोणार भागातले तांडे अजून आहेत, बैलांच्या पाठी मात्र रिकाम्या झाल्या. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतीला प्रकरण मिळतं आणि बंजाऱ्याला एक ओळ, ही वाटणी मला कधीच पटलेली नाही.

बैलाच्या पाठीवरूनच वऱ्हाडचा कापूस जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई, म्हणजे सुमारे आठशे किलोमीटर. वाटेत पावसानं भिजायचा, धुळीनं माखायचा, बैल बसला की गोणी जमिनीवर टेकायची. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा खोऱ्यातून जात १८६७ साली नागपूरला पोचला. खामगाव तेव्हा कापसाची मोठी बाजारपेठ होती आणि गाडी तिला टाळून जात होती. म्हणून जलंब ते खामगाव असा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा काढला गेला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! कापसाची किंमत त्यावरून समजावी.

रेल्वेनं घाटाखालचा जिल्हा जगाला जोडला. घाटावरचा मात्र वरच राहिला. तिथला माल आता एकाच दिशेनं जाऊ लागला : उतरून स्टेशनकडे. त्यासाठी बैलगाडी जाईल अशा वळणावळणाच्या सडका बांधल्या गेल्या. गाडीला चढण सोपी हवी, म्हणून सडक लांबचा फेरा घेते. पायी माणसाला फेरा परवडत नाही, तो नाकासमोर उतरतो. राजूर घाटात आणि बोथ्याच्या घाटात सडकेचं वळण तोडून सरळ खाली जाणारी दगडांची रेघ मधूनच दिसते. लक्ष नसलं तर ती पावसाच्या पाण्याची घळ वाटते. पण पावसाचं पाणी दगड रचत नाही. काही ठिकाणी कडेला दोन-तीन दगडांचे थर अजून बसलेले आहेत, आणि झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर पाय ठेवला की तो आपोआप पुढच्या पायरीवर पडतो. माझ्या चालण्यातला सर्वांत मोठा आनंद हाच : आपल्या आधीच्या माणसाच्या पावलाचं माप आपल्या पावलाला लागू पडणं.

आता सपाटीवरच्या वाटांकडे येऊ, कारण धोका तिथे जास्त आहे. इंग्रजांनी १८६० नंतर वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली. शेत, बांध, ओढा, विहीर, गावठाण यांच्याबरोबर वाटाही कागदावर आल्या. गावनकाशा उलगडला की त्या दिसतात. गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं, पायवाट तुटक एकेरी रेषेनं. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता. शेताशेतांतून जाणारी ती पांदण. महसुली व्यवहारात गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. सव्वाआठ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा उलगडा सोपा आहे. मोजणीची शंकुसाखळी तेहतीस फुटांची. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. साखळीचा अर्धा भाग साडेसोळा फूट, ती गाडीवाट. साखळीचा पाव भाग सव्वाआठ फूट, ती पायवाट. (दोन शंकुसाखळ्या म्हणजे सहासष्ट फूट, म्हणजेच क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी. साहेबानं शेत आणि खेळ एकाच साखळीनं मोजला.)

म्हणजे ज्याला आपण आज दीड फुटाची पाऊलवाट म्हणून हिणवतो ती कागदावर अडीच मीटर रुंद आहे. मग बाकीची कुठे गेली? ती बांधाबरोबर सरकली. दरवर्षी वखरणीला एक तास इकडून, एक तास तिकडून. दोन्ही शेजारी प्रामाणिक, दोघांनीही थोडंसंच घेतलेलं, आणि दोन पिढ्यांत पांदण बाभळीनं भरून जाते. घाटावरच्या एका गावात नकाशा हातात घेऊन मी एका वयस्क शेतकऱ्याला वाट विचारली. ते हसून म्हणाले, “वाट हाये नं भाऊ, पन ते आता नकाशातच हाये.” त्यांच्या सुनेला शेतात डबा घेऊन जायला पाऊण तासाचा वळसा पडतो. पावसाळ्यात त्या वाटेवर बैलगाडी रुततेच, पण कुणी आजारी पडलं तर खाट चौघांनी उचलून चिखलातून आणावी लागते. पांदण हा शब्द शहरात कवितेतला वाटतो. गावात तो तहसीलीतल्या तारखेचा आणि भाऊबंदकीचा शब्द आहे.

याच जागी मला इंग्लंडमधल्या एका निराळ्या डोंगराळ मुलखाची गोष्ट सांगाविशी वाटते, कारण मोजणीची साखळी जिथून आली तिथेच वाटांचं काय झालं हे पाहण्यासारखं आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये खडूचे डोंगर आहेत. खडू म्हणजे शब्दशः फळ्यावर लिहायचा तो पांढरा दगड. समुद्रातल्या सूक्ष्म जिवांच्या कवचांचा गाळ साचून झालेला. आपला काळा कातळ ओतला जाण्याच्या थोडं आधीपर्यंत तो गाळ तिकडे साचत होता. या टेकड्यांना तिथे ‘डाउन्स’ म्हणतात. शब्द ऐकला की खाली वाटतं, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ टेकडी असाच आहे. खडू पाणी पिऊन टाकतो, म्हणून माथा कोरडा राहतो आणि झरे पायथ्याशी फुटतात. गावं झऱ्याकाठी खाली, वाट माथ्यावरून वर. तिथेही घाटाखालचे आणि घाटावरचे आहेतच म्हणायचे. माथ्यावरची रिजवे नावाची वाट हजारो वर्षं वापरात असल्याचं मानतात. १९७३ साली तिला राष्ट्रीय पदमार्ग म्हणून खुलं केलं गेलं. लांबी १३९ किलोमीटर. पण ही मोठी वाट मला तितकी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाच्या आहेत त्या तिला खालच्या खेड्यांतून येऊन मिळणाऱ्या बारीक वाटा : चर्चला जाणारी, गिरणीला जाणारी, शेजारच्या गावी जाणारी. प्रत्येक खेड्याभोवती अशा वाटांचं जाळं आहे, आणि शेत खाजगी असलं तरी त्यातून चालण्याचा हक्क कुणाही माणसाला आहे.

हा हक्क कुणी उदार मनानं दिलेला नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या किंडर स्काउट डोंगरावर शेकडो कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून चढले आणि त्यांतले काही तुरुंगात गेले. अशा बऱ्याच धडपडीनंतर १९४९ साली कायदा झाला. त्यानं एक साधं काम सांगितलं : प्रत्येक भागातल्या सार्वजनिक वाटांची यादी आणि नकाशा करा. हे काम शेवटी येऊन पडलं खेड्यांवर. गावचे लोक आपापल्या वाटा चालून आले, कुठे फाटक आहे, कुठे कुंपण ओलांडायची पायरी आहे, ते कागदावर लिहून दिलं. त्या यादीत वाट आली की ती पक्की. वापर थांबला म्हणून ती मरत नाही. शेतकऱ्यानं शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली तर ठरलेल्या दिवसांत ती पुन्हा करून द्यावी लागते, निदान एक मीटर रुंद. त्यांची एक मीटर, आपली कागदावर अडीच. फरक इतकाच की त्यांची जमिनीवर आहे.

इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा नोंदलेल्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. तरीही पुष्कळ सुटल्या. २००० सालच्या कायद्यानं सुटलेल्या जुन्या वाटा नोंदवायला २०२६ ची मुदत घातली. तेव्हा पायी चालणाऱ्यांच्या एका संस्थेनं हजारो स्वयंसेवकांकडून जुने नकाशे आणि नवे नकाशे चौकोन-चौकोनानं ताडून घेतले. २०२० साली निघालेला हिशेब सांगत होता की जवळपास ७९ हजार किलोमीटर वाटा यादीबाहेर आहेत. पुढे इंग्लंडात ही मुदत २०३१ पर्यंत वाढवण्यात आली. घरात बसून, संगणकावर दोन नकाशे शेजारी ठेवून सामान्य लोकांनी केलेलं हे इतिहासाचं काम आहे. मला त्याचा हेवा वाटतो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. मामलेदार न्यायालय अधिनियम तर १९०६ चा. त्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून घेता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. या सहा महिन्यांत निम्मी प्रकरणं संपतात. कारण बाभूळ एका दिवसात उगवत नाही, आणि अडथळा नेमका कोणत्या तारखेला झाला हे सांगणार कोण? मुख्य म्हणजे आपला कायदा शेताकडे पाहतो. ज्याचं शेत आहे त्याला शेतापर्यंत जायला वाट हवी, हे त्याला समजतं. ज्याचं शेतच नाही, जो नुसता या गावाहून त्या गावाला चालत जातो, शेळ्या घेऊन जातो, देवाला जातो, त्याची वाट हा कायदा पुरती ओळखत नाही. २०२१ साली शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावानं योजना आली. २०२५ साली शासनानं शेतरस्त्यांची किमान रुंदी तीन ते चार मीटर ठरवली आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायला सांगितलं. हा निर्णय मला मोलाचा वाटतो. पण यंत्रासाठी रुंद केलेला रस्ता आणि माणसासाठी राखलेली वाट, या दोन गोष्टी आहेत. नकाशातली तुटक दुहेरी रेघ कदाचित वाचेल. एकेरी रेघेचं काय?

ती अगदीच निरुपयोगी झाली आहे असं समजू नये. शेगावची पालखी आषाढी करून परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यावर लाखो माणसं तिच्याबरोबर पायी चालतात. साधारण सतरा किलोमीटर. एरवी गाडीशिवाय किराणा न आणणारी माणसं त्या दिवशी अनवाणी असतात. दुसरीकडे समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेड राजाजवळून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. त्यावर पायी चालायला मनाई आहे, आणि ताशी एकशेवीसच्या वेगाला ती हवीच. पण या मुलखात वाट तयार करण्याच्या ज्ञात इतिहासात, पायांना बंद असलेला हा पहिलाच मोठा मार्ग. त्याच्याखालून ठरावीक जागी बोगदे काढले आहेत. जुनी वाट नेमकी बोगद्यासमोर आली तर ठीक, नाहीतर तिनं वळसा घ्यायचा.

आणि एक चालणारा असा, की ज्याला कुठलाच नकाशा माहीत नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेला, जून २०१९ मध्ये नव्या जागेच्या शोधात निघाला. तेलंगण, नांदेड, हिंगोली, वाशीम अशी भटकंती करत डिसेंबरमध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल सुमारे तीन हजार किलोमीटर. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. तो दिवसा दडायचा आणि रात्री ओढ्यांच्या, नाल्यांच्या, शेतांच्या कडेकडेनं पुढे सरकायचा. ज्ञानगंगा म्हणजे बोथ्याच्या घाटाचंच जंगल : साग, सालई, अंजन, आणि अस्वलांचं राज्य. शेवटी त्यानं मुक्काम ठोकला तो याच कडेवर, जिथे मेहकर-चिखलीकडचे वाटसरू खामगावचा बाजार गाठायला उतरत होते. वाघाला खिंड सापडली ती आपल्या जुन्या माणसांना सापडली त्याच कारणानं. कड मोजक्याच जागी वाट देते.

बुलढाणा जिल्ह्याचे गावनकाशे आज संगणकावर पाहता येतात. तलाठ्यांच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या दप्तरात जुनी पानंही असतात, घडीवर फाटलेली. सुरुवात कड्यालगतच्या गावांपासून करावी, कारण तिथे वाट सरकलेली नसते, फक्त झाकलेली असते. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांनी नकाशाची नक्कल काढावी, गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना सोबत घ्यावं, त्यांतली एक बाई असावी, कारण पाण्याच्या, सरपणाच्या आणि माहेरच्या वाटा पुरुषांना माहीत नसतात. चालत जावं. जिथे वाट आहे तिथे रेघ पक्की करावी, जिथे नाही तिथे काय आहे ते लिहावं : बाभूळ, तारेचं कुंपण, शेततळं, कुणाचा तरी गहू. दिवाळीनंतर, गवत वाळलं की निघावं. पावसाळ्यात घाटातली दगडं शेवाळतात. तो कागद मग ग्रामसभेपुढे ठेवावा आणि एक प्रत शाळेत टांगावी.